बघत बसलं की आधण येत नाही

गेल्या अंकात इंग्रजी म्हणींबद्दल लिहिताना ‘अ वॉच्ड पॉट नेव्हर बॉइल्स’ ही म्हण ओझरती येऊन गेली. तिच्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर तिलाच द्यायचं ठरवलं.

प्रश्न : माझ्या मुलीने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला आहे. निकालासाठी ती सकाळ-संध्याकाळ त्यांचं पोर्टल उघडून बघते. तिथे शिकणाऱ्या एका इंग्रज मैत्रिणीला तिने हे कळवलं, तर हीच म्हण उत्तरादाखल आली. मुलीने शब्दाला शब्द लावून अर्थ काढला : पाहिलेलं भांडं कधीच उकळत नाही, म्हणजे प्रवेश मिळणारच नाही. तेव्हापासून ती तोंड पाडून बसली आहे. म्हणीचा नेमका अर्थ काय, आणि ती आली कुठून? (एक वडील, सांगली)

उत्तर : आधी मुलीची समजूत घाला. मैत्रिणीने अशुभ काही म्हटलेलं नाही, उलट मायेनेच म्हटलं आहे. चुलीवर आधण ठेवून त्याच्याकडे टक लावून बसलं की ते काही केल्या यायचं नाव घेत नाही, असं वाटतं. तेव्हा डोळे तिथून काढ, दुसऱ्या कामाला लाग, पाणी त्याच्या वेळेला उकळेल, एवढंच तिचं सांगणं. म्हणीतल्या ‘नेव्हर’ने मुलीचा घोटाळा केला. तो ‘कधीच नाही’ चुलीवरच्या पाण्याबद्दल नाही, वाट बघून कंटाळलेल्या माणसाच्या मनातला आहे. स्टँडवर ताटकळलेला माणूस ‘ही गाडी आता काही येत नाही’ म्हणतो, तेव्हा गाडी रद्द झाली असं त्याला म्हणायचं नसतं.

शाळेच्या गाइडांमधून या म्हणीपुढे ‘धीर धरावा’ एवढाच अर्थ छापलेला असतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे, आणि त्याने म्हणीतली खरी कामाची गोष्ट हातची जाते. धीर धर असं नुसतं सांगितलं तर माणूस हाताची घडी घालून त्याच जागी बसतो आणि आतल्या आत तडफडतो. ही म्हण त्याला तिथून उठवते. तिचा रोख नजर हलवण्यावर आहे, हाताला काम देण्यावर आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेची ‘मेरी बार्टन’ नावाची कादंबरी १८४८ साली निघाली. मँचेस्टरच्या कापडगिरण्या, तिथले मजूर, त्यांची उपासमार आणि मालकांशी असलेलं वैर हा तिचा विषय. गॅस्केलबाई स्वतः मँचेस्टरमध्ये राहायच्या. नवरा धर्मोपदेशक असल्यामुळे मजूरवस्तीतली घरं त्यांनी आतून पाहिली होती. कादंबरीत एका गिरणीमालकाच्या मुलाचा खून होतो आणि आळ येतो जेम विल्सन या तरुण कामगारावर. जेम निर्दोष आहे हे मेरीला ठाऊक आहे, कारण खरा खुनी कोण हेही तिला कळून चुकलेलं आहे, आणि तो तिचा जन्मदाता बाप आहे. बापाचं नाव न घेता जेमला वाचवायचं तर एकच वाट उरते. खुनाच्या रात्री जेम ज्याच्या सोबत होता त्या विल नावाच्या खलाशाची साक्ष. आणि विल तर लिव्हरपूलच्या बंदरातून निघालेला.

मेरी आगगाडीने लिव्हरपूल गाठते. आगगाडीत पाऊल टाकण्याची तिची ही पहिलीच वेळ. जहाज सुटलेलं असतं. ती एका नावेत बसून मर्सी नदीतून त्याच्यामागे जाते, हाकेच्या अंतरावरून ओरडून निरोप देते. वाटाड्याच्या होडीतून परत येतो, असं विल वरूनच ओरडून सांगतो, आणि जहाज पुढे निघून जातं. आता तो खटल्याच्या वेळेपर्यंत परत पोचणार की नाही, हे वाऱ्याच्या हातात. मेरीला आसरा दिलाय एका म्हाताऱ्या नावाड्याने आणि त्याच्या बायकोने. रात्री ही पोर खिडकीशी बसून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटाकडे एकटक बघत राहते. तेव्हा ती म्हातारी तिला ही म्हण ऐकवते.

पण म्हण ऐकवून ती थांबत नाही, आणि त्यासाठीच मी हा प्रसंग एवढा सविस्तर सांगितला. ती मेरीला म्हणते की मी स्वतः त्या वातकुक्कुटाकडे कधी बघतच नाही, बघायला लागले तर दुसरं काही करणंच होणार नाही. वारा सुटला की काळीज तिचंही हलतं. पण ती पाठ फिरवते, कामाला लागते आणि समोर जे करायचं आहे त्याचाच विचार करते. बंदरावरच्या बाईला वाट पाहण्याची ही रीत कुणी शिकवलेली नसते. वारा, भरती-ओहोटी आणि समुद्रावर गेलेली माणसं यांच्यावर आपला काडीचा इलाज चालत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपल्या कोकणपट्टीतल्या कोळीवाड्यांतल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हण तिच्या तोंडी रोजच्या बोलण्यासारखी सहज येते. म्हणजे १८४८ साली ती नवी नव्हती, घराघरांत रुळलेली होती. तेव्हाच्या इंग्लंडात गरिबाच्या घरी ऊब आणि स्वयंपाक दोन्ही एकाच कोळशाच्या शेगडीवर. तिच्यावर जाड लोखंडी भांडं आकड्याला टांगलेलं. आधी ते लोखंड तापायचं, मग पाणी. मंद जळणाऱ्या कोळशावर तेवढं पाणी उकळवायचं म्हणजे बराच वेळ. ही म्हण अशा घरातून निघाली आहे, आणि तिथे भांड्यासमोर हात बांधून बसायला कुणाला फुरसत नव्हती.

तेव्हा मुलीला सांगा, मैत्रिणीला उलट टपाली ‘यू आर राइट’ कळव आणि पोर्टल दिवसातून एकदाच, ठरावीक वेळेला उघड. निकाल लागला की विद्यापीठं सहसा ई-मेल पाठवतातच.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. ही म्हण इंग्रजीच्या तासाला झाली आणि मुलं पुढच्या तासाला मला विचारायला लागली, ‘सर, बघितल्याने पाणी खरंच उशिरा उकळतं का?’ मी हसून वेळ मारून नेली. यात खरं काही आहे का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : प्रश्न चांगला आहे. मुलांना त्याचं पुरं उत्तर मिळायला हवं, कारण ते भौतिकशास्त्रात सुरू होऊन मानसशास्त्रात शिरतं आणि फिरून भौतिकशास्त्रात येतं.

पाण्याला आपली नजर कळत नाही, हे उघड आहे. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. दीड हजार वॅटची विजेची किटली असेल तर साडेतीन-चार मिनिटांचं काम. कुणी बघो, न बघो.

पण स्वयंपाकघरात माणूस नुसतं बघत नाही, झाकण उचलून बघतो. तिथे मात्र फरक पडतो. झाकणाच्या आत कोंडलेली वाफ गार होऊन परत पाण्यात पडत असते. झाकण उचललं की ती निघून जाते, आणि वाफ व्हायला पाण्याला फार उष्णता लागते. दहा ग्रॅम पाण्याची वाफ उडून गेली तर तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी जवळपास साडेपाच अंशांनी तापलं असतं. दहा ग्रॅम म्हणजे दोन चहाचे चमचे. झाकण उघडं टाकून डोकावत राहणाऱ्याच्या भांड्याला खरोखरच उशीर होतो. वर्गात हे करून दाखवता येईल : सारखी दोन पातेली, सारखं पाणी, एकाच इंडक्शन शेगडीवर एकामागून एक. एकदा झाकण बंद ठेवायचं, एकदा दर अर्ध्या मिनिटाला काढायचं, हातात स्टॉपवॉच. वाफेजवळ हात मात्र तुमचाच असू द्या, मुलांचा नको.

आणखी एक गोष्ट मुलांना निरखायला सांगा. तापत असलेलं पाणी बराच वेळ आपल्याला काहीच कळवत नाही. तीस अंशांचं पाणी आणि साठ अंशांचं पाणी दिसायला जवळजवळ सारखंच. मग तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती आधी पाण्यात विरघळलेली हवा असते. नंतर तळाशी वाफेचे बुडबुडे धरू लागतात, पण वरचं पाणी अजून तितकं तापलेलं नसल्यामुळे ते वर येता येता फुटून विरतात, आणि त्यानेच भांडं ‘सूं’ करून गाऊ लागतं. पाणी सगळीकडे सारखं तापलं की हा आवाज खाली येतो आणि मग खळखळून उकळी फुटते. उघड्या पातेल्यात शेवटचे अंश चढायलाही वेळ लागतो, कारण पाणी जितकं गरम तितकी वाफ जास्त, म्हणजे उष्णतेची गळतीही जास्त. सगळा वेळ डोळ्याला नवं काही दिसत नाही, आणि शेवटी शेवटी चालही मंदावते. म्हण करणाऱ्यांनी भांडं नीट पाहिलेलं होतं, एवढं नक्की.

आता मनाचा भाग. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात नोंदवलं आहे की घडामोडींनी भरलेला काळ जाताना भरकन जातो आणि मागे वळून बघताना लांबलचक वाटतो. रिकामा काळ जाताना संपत नाही, आणि आठवायला गेलं तर त्यात काहीच नसतं. लग्नघरातले चार दिवस आणि दवाखान्याच्या बाकावरची दुपार यांची आठवण काढून बघा.

जेम्सनंतर बऱ्याच वर्षांनी ही म्हणच प्रयोगशाळेत गेली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले रिचर्ड ब्लॉक आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना तापत्या पाण्याचं भांडं बघायला बसवलं आणि किती वेळ गेला असं वाटतं ते विचारलं. १९८० साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचं नावच ‘पाहिलेलं भांडं कधीकधी उकळतं’ अशा अर्थाचं आहे. हा आणि अशा धर्तीचे पुढचे प्रयोग मिळून जे दिसतं ते असं : ‘वेळेकडे लक्ष ठेवा’ असं आधीच सांगितलेल्या माणसाला तोच काळ जास्त लांब वाटतो. ज्याला काहीच सांगितलेलं नसतं आणि नंतर अचानक विचारलं जातं, त्याचा अंदाज आखूड येतो. ब्लॉक आणि इस्रायलचे डॅन झके यांनी याची उपपत्ती लावली ती लक्षाच्या वाटणीतून. आपल्याजवळ लक्ष ठरावीकच असतं. त्यातलं जितकं वेळ मोजण्याकडे जातं तितके वेळेचे ठोके मनात जास्त नोंदले जातात. काम हाती असलं की लक्ष तिकडे जातं आणि ठोके निसटतात.

हाही प्रयोग वर्गात सहज होतो. अर्ध्या वर्गाला एखादं कठीण कोडं द्या. उरलेल्यांना सांगा की फक्त किती वेळ गेला तेवढं मोजा, घड्याळ न बघता. तीन मिनिटांनी सगळ्यांचे अंदाज फळ्यावर लिहा.

वाट पाहायला लावणाऱ्या धंद्यांनी या ज्ञानाचा चांगला उपयोग करून घेतला आहे. डेव्हिड मेस्टर यांचा रांगेत ताटकळण्याच्या मानसशास्त्रावरचा १९८५चा लेख आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत वाचला जातो. रिकाम्या हाताने पाहिलेली वाट लांब वाटते, आणि किती वेळ लागणार हे ठाऊक नसलेली वाटही लांब वाटते, ही त्यातली दोन सूत्रं. मुंबईच्या लोकलच्या फलाटावर इंडिकेटरवर मिनिटांचा आकडा दिसतो तोवर माणूस शांत असतो. आकडा गायब झाला की दोन मिनिटांत सगळा फलाट रुळांच्या दिशेने माना वेळावू लागतो. एसटी स्टँडवर तर आपण चौकशीच्या खिडकीशी पुन्हा पुन्हा जातो. गाडी त्याने लवकर फलाटाला लागत नाही हे ठाऊक असतं, पण तेवढाच पायांना उद्योग.

शेवटचा भाग वरच्या वर्गातल्या मुलांसाठी राखून ठेवा, कारण तो सगळ्यात नवलाचा आहे. अणूंच्या जगात बघितल्याने ‘भांडं’ खरोखरच उकळायचं थांबू शकतं. १९७७ साली बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी गणिताने दाखवलं की एका अवस्थेतून दुसरीत जाऊ पाहणाऱ्या क्वांटम प्रणालीचं पुन्हा पुन्हा, फार थोड्या थोड्या अंतराने निरीक्षण केलं, तर ती मूळ अवस्थेतच अडकून राहते. प्रत्येक निरीक्षण तिला जणू पुन्हा आरंभरेषेवर आणून सोडतं. बाण कधी हलतच नाही असं सिद्ध करू पाहणाऱ्या झेनो या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव त्यांनी या परिणामाला दिलं. इंग्रजीत मात्र अनेक जण याला सरळ ‘वॉच्ड पॉट’ परिणामच म्हणतात. सुदर्शन मूळचे केरळचे, पण अमेरिकेला जाण्याआधी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मुलांना हे आवर्जून सांगा.

१९९०मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत वेन इटानो, डेव्हिड वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. बेरिलियमचे सुमारे पाच हजार आयन सापळ्यात धरून ठेवलेले. रेडिओलहरींच्या एका झोताने ते सगळे खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जावेत, इतका तो झोत मोजून आखलेला. त्याला वेळ लागतो सेकंदाचा जेमतेम चौथा भाग. मधल्या वेळात लेसरच्या लखलखाटाने आयनांकडे ‘पाहायचं’. शेवटी एकदाच पाहिलं तर सगळे वर गेलेले. मधल्या वेळात चौसष्ट वेळा पाहिलं, तर गणितानुसार शेकडा चारांहूनही कमी वर जायला हवेत, आणि प्रयोगातही बहुतेक सगळे जागच्या जागीच राहिले. वाइनलँडना पुढे २०१२ सालचं नोबेल मिळालं. इथे ‘पाहणं’ म्हणजे नजर टाकणं नव्हे, आयनांवर लेसर टाकणं. हा फरक मुलांच्या मनात पक्का बसवा, नाहीतर डोळ्यांतून काही शक्ती निघते असं ती घरी जाऊन सांगतील.

प्रश्न : माझा अनुभव नेमका उलटा. गॅससमोर उभं राहिलं तोवर दूध ढिम्म, आणि बेल वाजली म्हणून पाठ फिरवली की उतू! मग आपल्याकडे ही म्हण कशी चालायची? आणि तिला मराठी प्रतिशब्द आहे का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्राने मला विचारात पाडलं. म्हण पाण्याची आहे, दुधाची नाही, आणि हा फरक वरवरचा नाही. पाणी उकळून उतू जात नाही. जास्तीत जास्त आटेल. दूध तापलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश यांची साय वर धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडते, आणि प्रथिनांमुळे फुटायला तयार नसलेला फेस काही क्षणांत काठ ओलांडतो. तोवरची सगळी मिनिटं दूध पाण्याइतकंच मुकाट असतं. तुमची पाठ आणि दुधाचं उतू जाणं यांचा संबंध नाही, पण उभं राहून कंटाळलेलं लक्ष ज्या वेळी सुटतं नेमकी ती वेळ आणि दूध वर येण्याची वेळ जवळ जवळ असतात. न गेलेल्या दुधाच्या शंभर वेळा आपल्या लक्षात राहत नाहीत, ओटा पुसावा लागलेली एक राहते.

म्हणून इंग्रजांची म्हण वापरताना चुलीवर आधण आहे की दूध, हे आधी बघावं असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठाचा निकाल, टपाल, दहावीचं गुणपत्रक, पेरलेलं बी हे आधण. आपण बघितलं नाही तरी त्यांचं काही बिघडत नाही. पण अर्जाची शेवटची तारीख, तान्ह्या बाळाचा ताप, वायदा करून गायब झालेला बिल्डर, ही दुधं आहेत. त्यांच्याबाबतीत ‘कशाला सारखं बघतेस’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

आपल्या आया-आज्यांनी दुधावर तोडगेही काढून ठेवले होते. कुणी पातेल्याच्या तळाशी बशी पालथी टाकायचं, कुणी वर आडवी पळी ठेवायचं. नंतर शिट्टीचा मिल्क कुकर आला. त्याच्या दुहेरी भिंतींच्या मधल्या पोकळीत पाणी भरायचं, उकळतं ते पाणी आणि शिट्टी वाजते ती त्याच्या वाफेची. आतलं दूध शंभर अंशांच्या आसपास तापतं पण उसळत नाही. बाईला ओट्यापासून दूर जाता यावं, हाच त्याचा सगळा फायदा. नजरेचं काम कानाकडे दिलं की माणूस मोकळा होतो.

मराठी प्रतिशब्दाचं म्हणाल तर तंतोतंत म्हण मला सापडलेली नाही. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही उतावळ्याची चेष्टा करते, दिलासा देत नाही. शिर्डीची ‘श्रद्धा आणि सबुरी’ फार वरच्या पट्टीतली, ती देवापुढे. ‘जरा दम धर’ रोजचंच आहे, पण त्यात दुसऱ्या कामाला लाग हा भाग नाही. घरात आपण जे बोलतो, ‘वाट बघितली की गाडी येत नाही’, ते अर्थाने सगळ्यात जवळचं. आणि ‘बघत बसलं की आधण येत नाही’ असं सरळ मराठीतच म्हटलं तर काय बिघडलं? ऐकणाऱ्याला लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. परदेशातल्या क्लायंटने एका निर्णयाबद्दल तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मेलमध्ये ही म्हण टाकली. वातावरण हलकं व्हावं म्हणून. साहेब भडकले. चुकलं काय? आणि अशा वेळी ‘होल्ड युअर हॉर्सेस’ किंवा ‘सिट टाइट’ चाललं असतं का? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : भाषा बरोबर होती, तोंड चुकीचं होतं. ही म्हण म्हणायची ती तिसऱ्याने, वाट पाहणाऱ्याच्या शेजारी उभं राहून. मैत्रीण, आई, सहकारी, शेजारी हे म्हणू शकतात. ज्याच्यामुळे दुसऱ्याला थांबावं लागतंय त्याने ती म्हटली की दिलाशाचा उर्मटपणा होतो. नगरपालिकेच्या खिडकीतल्या माणसाने आपली फाइल अडवून ठेवून ‘सारखे कशाला येता, होईल तेव्हा होईल’ म्हणावं तसं ते वाजतं. क्लायंटला तसंच वाजलं असणार.

एरवी ती बोलण्यातली म्हण आहे. नळावरचं पाणी, ओव्हनमधला केक, मॅचचा निकाल, नोकरीचा फोन अशा हलक्या-मध्यम वजनाच्या वाट पाहण्याला शोभते. पुष्कळदा इंग्रज माणूस ती अर्धीच म्हणतो, ‘वेल, अ वॉच्ड पॉट...’ आणि पुढचं समोरच्यावर सोडून देतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसलेल्या माणसाला मात्र ती ऐकवू नये. तिथे गप्प शेजारी बसावं, चहा आणून द्यावा.

बाकीच्या दोन्हींचं थोडक्यात. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणजे लगाम खेच. ती घाईने पुढे धावणाऱ्याला म्हणतात, थांबून राहिलेल्याला नाही, आणि वरच्या माणसाला म्हटली तर दटावल्यासारखी लागते. ‘सिट टाइट’ म्हणजे आहे तिथेच राहा, आत्ता काही हालचाल करू नकोस. मदत येतेय, निरोप येतोय, तोवर जागा सोडू नकोस, अशा वेळी ती शोभते. तुमच्या वाचनात कधी ‘बाइड युअर टाइम’ आलं तर तिथे माणूस संधीवर टपून बसलेला असतो. ती सबुरी साधी नसते, तिच्यात बेत असतो.

क्लायंटला यांतलं एकही पाठवू नका. निर्णय कुणाकडे अडकला आहे ते लिहा, कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लिहा, आणि त्या तारखेला झालेला नसला तरी तसं कळवणारी मेल स्वतःहून टाका. चौथ्यांदा विचारायची वेळ त्याच्यावर येणार नाही.